जुन्या ऑफिस कॉम्प्युटरला गेमिंगचे कार्ड: आधी एसएमपीएस पाहा, मग दुकानात जा

वाचकाचे पत्र

माझ्याकडे रिफर्बिश्ड घेतलेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर आहे. त्यात इंटेल आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, २५६ जीबीची एसएसडी आणि विंडोज १० आहे. मॉनिटर १६०० बाय ९०० चा असून त्याला फक्त व्हीजीएची जोडणी आहे. दिवसा वडील याच कॉम्प्युटरवर दुकानाचा हिशेब आणि जीएसटीचे काम करतात. रात्री मी आणि धाकटा भाऊ व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पण खेळ फार अडखळतो. ग्राफिक्स कार्डासाठी मी १५,००० रुपये साठवले आहेत. एका दुकानदाराचे म्हणणे आहे, की हप्त्यांवर २९,००० रुपयांचे आरटीएक्स ४०६० घ्यावे, पॉवरसाठी तो ‘कन्व्हर्टर पिन’ लावून देईल. एक मित्र ८ जीबीचे जुने आरएक्स ५८० बिलाशिवाय ६,५०० रुपयांत देतो आहे. दुसऱ्या दुकानात नवे ४ जीबीचे जीटी ७३० कार्ड ४,५०० रुपयांना आहे. चौकशी केल्यावर जीटीएक्स १६५० सेकंड हँड, बिलासह, ७,५०० रुपयांना आणि आरटीएक्स ३०५० नवे १७,००० रुपयांना मिळेल असे कळले. भावाला सायबरपंक २०७७ सुद्धा खेळायचे आहे. मी काय करावे?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

तुम्ही प्रोसेसरचे नाव, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि मॉनिटरची जोडणी इतके सगळे नेमके लिहिलेत, त्यामुळे उत्तरही नेमके देता येते. तुमच्या पत्रातल्या पर्यायांपैकी जीटीएक्स १६५० घ्यावे, पण त्यातले जादा पॉवरची पिन नसलेलेच मॉडेल घ्यावे; त्याआधी ८ जीबी रॅमची दुसरी पट्टी बसवावी; आणि उरलेले पैसे खर्च न करता बाजूला ठेवावेत, असा माझा सल्ला आहे. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ५८० ही दोन्ही कार्डे या यंत्रात बसवू नयेत, आणि जीटी ७३० वर एक रुपयाही घालवू नये. हे असे का, ते सविस्तर सांगतो, कारण दुकानात उभे असताना समोरचा माणूस वेगळे काही सांगू लागला, तर कारण ठाऊक असणाराच ठाम राहू शकतो.

या सगळ्या व्यवहारातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि ती म्हणजे कॅबिनेटमधला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या मिनी टॉवरमध्ये कंपनीने २९० वॉटचा एसएमपीएस दिलेला असतो. हे यंत्र २०१३ च्या सुमारास बँका, कार्यालये आणि महाविद्यालये यांच्यासाठी बनवले गेले, आणि तिथे ग्राफिक्स कार्डाची गरजच नसल्यामुळे कार्डाला वेगळी वीज पुरवणाऱ्या सहा किंवा आठ पिनांच्या वायरी त्यात ठेवलेल्या नाहीत. त्यामुळे कार्डाला जी वीज मिळायची, ती मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमधूनच मिळते, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या नियमानुसार त्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट घेता येतात. आता बेरीज करून पाहा. तुमच्या आय५-४५९० ची नोंदलेली मर्यादा ८४ वॉट आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ४० ते ५० वॉट धरावेत. त्यात ७५ वॉटचे कार्ड मिळवले, तर आकडा साधारण २१० वॉटपर्यंत जातो. २९० वॉटच्या एसएमपीएसला हे पेलते आणि थोडी मोकळीकही उरते. आरएक्स ५८० हे एकटेच १८५ वॉटचे कार्ड आहे, म्हणजे त्याच्यासह बेरीज ३०० च्या पुढे जाते. एसएमपीएस दहा वर्षांहून जुना आहे, तो त्याच्या पूर्ण क्षमतेने चालेल असे समजून हिशेब करणे कधीच शहाणपणाचे नसते. इथे तर पूर्ण क्षमताही अपुरी पडते आहे.

दुकानदाराने सुचवलेल्या ‘कन्व्हर्टर पिन’बद्दल मला थोडे जास्त लिहिले पाहिजे, कारण या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती याच ओळीमुळे. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॉटचे कार्ड आहे आणि त्याला बहुतेक मॉडेलांत आठ पिनांची जोडणी लागते. तुमच्या एसएमपीएसमध्ये ती नसल्यामुळे दुकानदार हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीवर एक जोड बसवून त्याच्या दुसऱ्या टोकाला आठ पिना काढून देणार, असा त्याचा अर्थ आहे. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिन दीड अँपिअरसाठी बनवलेली असते. म्हणजे पूर्ण जोडणीतून १२ व्होल्टवर ५४ वॉटच सुरक्षितपणे वाहू शकतात. याउलट आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉटपर्यंत वीज ओढण्याची कार्डाला मुभा असते. हार्ड डिस्कसाठी बनवलेल्या बारीक पिनांवर तिपटीचा भार टाकण्याची ही वाट आहे. असा जोड पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतो, म्हणूनच तो विकला जातो. पण काही महिन्यांच्या खेळानंतर, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, त्या पिनांभोवतीचे प्लॅस्टिक मऊ पडून वितळल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत नवी नाहीत. ज्या यंत्रात वडिलांच्या दुकानाचे वर्षभराचे हिशेब आहेत, त्या यंत्रात ही जोखीम कुणीही घेऊ नये. गेम बंद पडला तर तुमची एक संध्याकाळ जाईल. हिशेब गेले तर घराचे नुकसान होईल.

एसएमपीएसच बदलला तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. या यंत्राच्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची जोडणी चालत नाही, तिला कंपनीची स्वतःची आठ पिनांची जोडणी आहे. २४ पिनांपासून त्या आठ पिनांपर्यंत नेणारी वायर बाजारात मिळते आणि अनेक जण ती वापरून चांगला नवा एसएमपीएस या टॉवरमध्ये बसवतातही. पण चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, ती वायर आणि मजुरी यांवर तीन-चार हजार रुपये गेल्यावर, आणि वर २९,००० रुपयांचे कार्ड घेतल्यावर, त्या कार्डाला पुरेसे काम देणारा प्रोसेसर मात्र तुमच्याकडे नसेल. हप्ते फेडत बसण्याइतके या खर्चातून काही मिळणार नाही.

मॉनिटरचा विचार इथेच करायला हवा. १६०० बाय ९०० च्या पडद्यावर कार्डाला दर चित्रात १४ लाख ४० हजार बिंदू रंगवावे लागतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर हाच आकडा २० लाख ७३ हजारांच्या पुढे जातो. म्हणजे तुमच्या कार्डावरचे काम फुल एचडीवाल्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आहे. लोक ज्या कार्डांना आता ‘कमी पडते’ म्हणतात, ते त्यांच्या मोठ्या पडद्यांच्या हिशेबाने. तुमच्या पडद्याच्या हिशेबाने जीटीएक्स १६५० पुरेसे आहे, आणि आरटीएक्स ४०६० ची बरीचशी ताकद वापराविना पडून राहील.

आता जीटी ७३० बद्दल. ‘४ जीबीचे कार्ड’ हे शब्द ऐकून अनेक पालक आणि विद्यार्थी हे कार्ड घेऊन जातात, म्हणून हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते: कार्डाची मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने वाचता येते हे खेळाच्या दृष्टीने कितीतरी महत्त्वाचे असते. २०१४ सालच्या या कार्डाचा ६४ बिटचा डीडीआर३ प्रकार सेकंदाला सुमारे १४.४ जीबी माहिती हलवू शकतो. जीटीएक्स १६५० चा जुना, जीडीडीआर५ मेमरीचा प्रकारही सेकंदाला १२८ जीबी हलवतो. तुमच्या प्रोसेसरमध्ये जे इंटेल एचडी ४६०० ग्राफिक्स आधीपासून आहे, ते रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर २५.६ जीबीपर्यंतचा वेग वापरू शकते. म्हणजे ४,५०० रुपये देऊन तुम्ही जवळपास होता तिथेच राहाल. शिवाय हे कार्ड ज्या केप्लर पिढीचे आहे, त्या पिढीसाठी एनव्हिडिया या कंपनीने नव्या खेळांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, देणे २०२१ मध्येच थांबवले. मॉनिटरची जादा जोडणी हवी असलेल्या कार्यालयासाठी ते कार्ड ठीक आहे, खेळासाठी नाही.

मित्राच्या आरएक्स ५८० वर विजेखेरीज माझा आणखी एक आक्षेप आहे. ही कार्डे काही वर्षे इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे गणिते सोडवून ते चलन मिळवण्यासाठी, रात्रंदिवस वापरली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत बंद केल्यावर ती मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली. मायनिंगचे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही, पण त्यांतल्या अनेकांचा बायोस, म्हणजे कार्डाच्या आतला मूळ प्रोग्रॅम, बदललेला असतो, पंखे झिजलेले असतात आणि मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड सुकलेले असतात. त्यातच याच नावाखाली २०४८ स्ट्रीम प्रोसेसरचे (चित्राचा हिशेब करणाऱ्या छोट्या कोरांचे) कमी ताकदीचे कार्डही विकले जाते, तर मूळ कार्डात ते २३०४ असतात. बिल नसलेल्या व्यवहारात यातले काहीच तुम्हाला नंतर कुणापाशी मांडता येणार नाही. मित्राचा हेतू चांगला असेल, पण त्याला नकार देताना तुम्ही एसएमपीएसचे कारण सरळ सांगू शकता. ते खरे आहे आणि त्याने मैत्रीत काही बिघडणार नाही.

आरटीएक्स ३०५० या नावाने दोन बऱ्याच वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि तुम्ही पत्रात त्यांतली कोणती ते लिहिलेले नाही. २०२२ सालचे ८ जीबीचे ३०५० हे १३० वॉटचे कार्ड असून त्याला जादा पॉवरची पिन लागते. ते तुमच्या यंत्रात चालणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे ३०५० मात्र ७० वॉटचे आहे आणि साधारणपणे त्याला जादा पिन लागत नाही. हे दुसरे कार्ड जीटीएक्स १६५० पेक्षा स्पष्टपणे सरस आहे. त्याची मेमरी जास्त आहे, डीएलएसएसची (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून वेग वाढवण्याची) सोय आहे आणि रे ट्रेसिंगही (खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याची सोय) आहे. पुढच्या वर्षभरात फुल एचडी मॉनिटर घ्यायचा आणि त्यानंतर नवे यंत्र घेताना हेच कार्ड उचलून त्यात बसवायचे, असा तुमचा पक्का बेत असेल, तर १७,००० रुपयांसाठी आणखी काही महिने थांबण्यात अर्थ आहे. तसा बेत नसेल, तर या प्रोसेसरबरोबर आणि या पडद्यावर तुम्हाला दोन्ही कार्डांमधला फरक दुप्पट पैशांइतका जाणवणार नाही. म्हणून माझा कौल १६५० ला आहे.

पण १६५० मध्येही एक खाच आहे. कार्डाची मूळ मर्यादा ७५ वॉट असली, तरी काही कंपन्यांनी त्याचा वेग थोडा वाढवून सहा पिनांची जोडणी लावलेली मॉडेले विकली आहेत, विशेषतः जीडीडीआर६ मेमरीच्या प्रकारात. म्हणून कार्ड हातात घेऊन त्याची वरची कड पाहा. तिथे पिनांचे खोबण असेल तर ते परत करा आणि पिन नसलेले मागा. लांबीही मोजून जा, कारण या टॉवरमध्ये डिस्क ठेवायचा कप्पा कार्डाच्या वाटेत येऊ शकतो. एका पंख्याचे आखूड मॉडेल इथे सर्वांत सोयीचे.

चौकशी करताना आणखी काही नावे तुमच्या कानावर पडतील. आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचे कार्ड विजेच्या दृष्टीने उत्तम आहे, पण ते स्लॉटच्या सोळापैकी चारच मार्गिका वापरते. तुमचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असल्यामुळे त्याला सेकंदाला सुमारे ४ जीबीचीच वाट मिळेल आणि ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळेल. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा झाल्यास सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलची आर्क कार्डे रिसायझेबल बार या सोयीवर (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या) फार अवलंबून असतात आणि इंटेलने त्यांच्यासाठी दहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर सांगितला आहे. तुमचा चौथ्या पिढीचा आहे, तेव्हा तो विचार सोडून द्यावा. जीटीएक्स १०५० टीआय तुम्हाला १६५० पेक्षा स्वस्त मिळेल, पण त्याच्या पास्कल पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले असून पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. १६५० त्यानंतरच्या पिढीचे आहे. हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी मागची पिढी घेऊ नये.

आता प्रोसेसर आणि रॅम. तुमच्या खेळाच्या अडखळण्याचे एक मोठे कारण मला रॅमच्या एकाच पट्टीत दिसते. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती देते, आणि आज तुमच्या यंत्रात प्रोसेसर आणि त्यातले ग्राफिक्स हे दोघेही तिच्यावरच अवलंबून आहेत. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे मेमरीच्या दोन स्वतंत्र वाटांवर, बसल्या की हा वेग दुप्पट होतो. म्हणून कार्डाच्या आधी डेस्कटॉपच्या आकाराची, ८ जीबीची, डीडीआर३-१६०० ची दुसरी पट्टी घ्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती चालणार नाही. पट्टी बसवल्यावर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या पानावर चॅनेलसमोर ‘ड्युअल’ असे दिसले पाहिजे; दिसले नाही तर पट्टीचा स्लॉट बदला. त्यानंतर आठवडाभर आहे त्याच ग्राफिक्सवर खेळून पाहा. व्हॅलोरंटची किमान अट इंटेल एचडी ४००० इतकीच आहे, त्यामुळे निव्वळ या पट्टीनेही तो खेळ बराच सुधारण्याची शक्यता आहे, आणि वडिलांच्या कामालाही १६ जीबीचा उपयोग होईल.

त्याच आठवड्यात एक चाचणी करा. खेळाची सेटिंग सर्वांत खालची ठेवा, रिझोल्यूशन जितके कमी होईल तितके करा आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते लिहून ठेवा. चित्र इतके हलके केल्यावर ग्राफिक्सवरचा भार बहुतेक उतरतो आणि मग जो आकडा दिसतो, तो प्रोसेसरच्या ताकदीचा अंदाज देतो. नवे कार्ड चित्र सुंदर करील, सेटिंग वाढवू देईल, पण त्या आकड्याच्या फार पुढे नेऊ शकणार नाही. तुमचा मॉनिटर बहुधा ६० हर्ट्झचा असेल. त्याला सेकंदाला ६० चित्रे पुरतात, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. चाचणीत आकडा ६० च्या बराच वर राहिला, तर कार्ड घेण्याचा निर्णय बरोबर आहे असे समजा.

तुमच्या आय५-४५९० ला चार कोर आणि चारच थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी चारच कामे हाताळतो, आणि अलीकडचे मोठे खेळ त्याहून अधिक थ्रेड गृहीत धरतात. जीटीए ५ चे मूळ रूप तुमच्याकडे १६५० वर छान चालेल. पण मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या एन्हान्स्ड रूपाने किमान अटींत आय७-४७७० प्रोसेसर, दोन चॅनेलवरची ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर १०५ जीबी जागा मागितली आहे. आय७-४७७० हा तुमच्याच मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसतो, त्याची मर्यादाही ८४ वॉटच आहे आणि त्याला चार कोरांवर आठ थ्रेड आहेत. कार्ड बसवल्यावर काही महिन्यांनी खेळात मधूनच धक्के बसत आहेत असे वाटले, तर सेकंड हँड आय७-४७७० किंवा आय७-४७९० घेणे हा या यंत्रावरचा शेवटचा योग्य खर्च ठरेल. तो आजच करू नका.

सायबरपंक २०७७ बद्दल तुमच्या भावाला खरे सांगावे लागेल. २०२३ मध्ये सुधारलेल्या त्याच्या किमान अटी आय७-६७००, १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चे ६ जीबीचे रूप आणि एसएसडी अशा आहेत. तुमचा प्रोसेसर आणि १६५० ही दोन्ही त्या रेषेच्या खाली आहेत. खेळ कदाचित सुरू होईल, कमी सेटिंगवर काही भाग चालेलही, पण गर्दीच्या रस्त्यांवर तो अडखळेल. त्या खेळासाठी या यंत्रावर पैसे घालू नका. बाजूला ठेवायला सांगितलेले पैसे हे पुढच्या यंत्राचे पहिले पैसे आहेत, आणि तो खेळ त्या यंत्रावर खेळावा.

विंडोजचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो घरातल्या दोन्ही कामांशी जोडलेला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देऊ केले आहेत. ज्या यंत्रावर जीएसटीचे आणि कदाचित बँकेचेही व्यवहार होतात, त्याची ही नोंदणी केलेलीच असावी. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, कारण त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. अटींना बगल देऊन ते बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत आणि एखादा दुकानदार तुम्हाला तसे सुचवील. तसे करू नका: विंडोज ११ वर व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही खेळातली लबाडी रोखणारी यंत्रणा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सुरू असल्याची खात्री करून घेते, आणि ते नसेल तर खेळ सुरूच होऊ देत नाही. म्हणजे ज्या खेळासाठी खटाटोप, तोच बंद पडेल. जुने विंडोज किती काळ धकवायचे याला मर्यादा आहे, आणि या यंत्रावर मोठा खर्च करू नये असे मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

सेकंड हँड कार्ड घेताना बिलावरचा अनुक्रमांक आणि कार्डावरच्या स्टिकरचा अनुक्रमांक जुळतो का, ते पाहा. विकणाऱ्याच्याच यंत्रावर कार्ड चालवून दाखवायला सांगा आणि जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम उघडा. १६५० च्या जागी त्यात ८९६ शेडर, ४ जीबी आणि १२८ बिटची मेमरी दिसली पाहिजे. जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याची फसवणूक बाजारात होते, आणि हा प्रोग्रॅम अशी अनेक बनावट कार्डे ओळखून तसे लिहून दाखवतो. त्यानंतर अर्धा तास एखादा जड खेळ चालू ठेवा. या वेळात चित्रावर रंगीत ठिपके किंवा रेघा आल्या, पडदा क्षणभर काळा झाला, पंखा खरखरला किंवा तापमान ८५ अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिले, तर पैसे देऊ नका. अर्धा तास थांबायला विकणाऱ्याची तयारी नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा. घाईने विकणाऱ्याकडून जुने कार्ड घेण्याची तुम्हाला काहीच गरज नाही. कोल्हापुरात मनासारखे मिळाले नाही, तर पुणे किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे पर्याय अधिक आहेत, पण तिथेही ही तपासणी टाळू नये.

कार्डाला व्हीजीएची जोडणी नसते, हे खरेदीच्याच दिवशी लक्षात ठेवा, नाहीतर घरी आल्यावर मॉनिटर जोडता येणार नाही. एचडीएमआयपासून व्हीजीएपर्यंत नेणारा, आत चिप असलेला छोटा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो आणि १६०० बाय ९०० साठी तो पुरतो. कार्डावर डीव्हीआय-डी असेल तर त्याला लावायचा साधा, चिप नसलेला जोड घेऊ नका. त्या जोडणीतून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल येतच नाही.

कॅबिनेट उघडण्याच्या आदल्या रात्री वडिलांच्या हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि आणखी एक दुसऱ्या ठिकाणी घ्या, आणि ती उघडते का ते त्यांच्यासमोर पाहा. नंतर भिंतीतली वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. टॉवर आडवा ठेवा, साचलेली धूळ ब्रशने काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मगच कार्ड कडेला धरून लांब काळ्या स्लॉटमध्ये सरळ दाबा. खिटी बसल्याचा आवाज आला पाहिजे. मॉनिटरची वायर आता मदरबोर्डला न लावता कार्डाला लावायची आहे. हे विसरल्यामुळे ‘कार्ड लावूनही काही फरक नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. चित्र आले नाही, तर जुन्याच जोडणीवर परत जाऊन डेलच्या संकेतस्थळावरून मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करा आणि बूटची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याची, पद्धत यूईएफआय (नवी) आहे का ते तपासा. ती लेगसी (जुनी) असेल, तर घाईने बदलू नका. आहे ते विंडोज त्यामुळे सुरू होणार नाही, तेव्हा ते काम जाणकाराकडून करून घ्या.

ड्रायव्हर एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पहिले काही दिवस खेळताना तापमानावर नजर ठेवा आणि टॉवर टेबलाखालच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा, कारण त्याची हवा खेळती ठेवण्याची सोय ऑफिसच्या कामापुरतीच आहे. दुकानदाराला नकार देताना एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो मोबाइलवर ठेवा. त्यावरचा वॉटचा आकडा दाखवला की पुढची चर्चा लांबणार नाही. आणि लेबलवर २९० पेक्षा वेगळा आकडा निघाला, तर वरची बेरीज त्या आकड्याने पुन्हा करूनच घराबाहेर पडा, कारण रिफर्बिश्ड यंत्रात एसएमपीएस मधल्या काळात बदललेला असू शकतो.